अळणी सोमवारची पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे. गोदूबाईंनी विटलेल्या लुगड्याच्या पदरातून मला हाताने शिवलं. धरमतरजवळच्या मिठागरावर मी भाकरी वाहिली, पेणच्या बाजारातून पोहे आणले. दुकानदार म्हणायचा, "शिवण काय पक्की हाय." मग घरात चेनच्या बॅगा आल्या आणि मी खुंटीला लागले.

मित्रांनो, पुढे कंपनीने त्यांच्या लेकाला, प्रवीणला, जपानला पाठवलं. सून नमिता तिथे गरोदर राहिली, तशा गोदूबाई मला घेऊन क्योतो शहरी निघाल्या. सून सुखरूप सुटावी म्हणून त्यांनी सोळा सोमवार धरले होते. दिवसभर उपास, संध्याकाळी एकदाच खायचं, तेही अळणी. मिठाचा कण पोटात गेला की व्रत मोडलं.

शेवटच्या सोमवारी दोघी तिथल्या जुन्या बाजारात गेल्या. अरुंद बोळ, दोन्हीकडे दुकानं. पण सुकी मासळी, खारवलेल्या भाज्या, जिथे तिथे मीठच. नमिता पाट्या वाचून मान हलवत होती. दुकानं बंद व्हायला लागली.

"तू तरी खा गो," गोदूबाई म्हणाल्या.

"तुम्ही नाय, तर मी पण नाय."

"पोटुशीनं हट्ट करू नये."

"मग सासूनं करावा?"

बोलता बोलता नमिताला घेरी आली. तिने भिंत धरली. गोदूबाईंच्या मुठीत माझे बंद घामाने ओले झाले. जिच्यासाठी व्रत, तीच उपाशी.

कोपऱ्यावर एक म्हातारा भाजलेली रताळी विकत होता. एकच उरलं होतं. नमिताने ते घेतलं. म्हातारा ते फोडत असताना गोदूबाईंनी डोळे मिटले, "शिव, शिव."

म्हाताऱ्याने मान डोलावून बरणी उघडली. गोदूबाई घाबरल्या, "शिव, शिव, शिव." त्याने हसून चिमूट आणखी मोठी घेतली. मिठागरावर जन्म गेलेल्या बाईला मीठ काय ओळखू येणार नाही? त्यांनी झटकन मला रताळ्यावर धरलं. सगळं मीठ माझ्या अंगावर पडलं. माझं काय, मला उपास नव्हता.

नमिताला हसू आवरेना. "आई, इथे मिठाला शिओ म्हणतात. तुम्ही मागताय, ते देतायत."

गोदूबाईंनी म्हाताऱ्याला हात जोडले आणि पहिला घास नमितापुढे धरला.

"आधी तुम्ही."

"नैवेद्य आधी देवाला दाखवतात गो. तो तुझ्या पोटात हाय."

मित्रांनो, जुनी पिशवी धुऊन, वाळवून जपून ठेवा. उपासही जरूर करा. फक्त शेजारचं माणूस उपाशी नाही ना, ते आधी बघा.