भट्टीमागचा बोळ

"कशाला हात लावू नकोस. दाढी करून आलोच," म्हणून हे न्हाणीघरात गेले आणि मी त्यांच्या खुर्चीत बसले.

तासाभरात व्याही येणार होते. घर मी पहाटेपासून घासलं होतं. उंबरा, आरसा, दिव्यांची बटणंसुद्धा. राहिलं होतं ते टेबलावरच्या कॉम्प्युटरमधलं, आणि व्याही नेमके तेच बघायला येत होते. जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. माझ्या मुलीच्या सासरी भिंतभर पुस्तकं. आमच्याकडे काय, तर ह्यांचा खेळ.

खेळ म्हणजे शहर बांधायचं. रस्ते काढा, घरं घाला, पाणी आणा, की माणसं आपणहून राहायला येतात. ह्यांनी त्यात दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन लोकांचं एक शहर उभं केलं होतं, वाचनालयातल्या पुस्तकातला नकाशा समोर ठेवून. तीन वर्षं. निवृत्तीनंतर लोक फिरायला जातात, हे शहरात जायचे. "अगं, सार्वजनिक हौद झाला आज," म्हणून मला हाक मारायचे. मी म्हणायचे, "छान. आता मोरीतला नळ गळतोय, तोही त्या रोमन लोकांना सांगा."

पण त्या दिवशी नीट बघितलं. मोठ्या रस्त्यावर खांबांच्या रांगा, चौक, नाट्यगृह. नाव ठेवायला जागा नाही, आणि मी तर नावं ठेवण्यात कुणाला हार जात नाही. मग पावाच्या भट्टीमागे गेले आणि माझं डोकंच फिरलं. तिथे एक बोळ. तोंडाशी संडास, त्याला लागून कातडी कमावणाऱ्याचं घर, दारात उघडं गटार, आणि पुढे वाकडीतिकडी खोपटं, एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीला. म्हटलं, हे व्याह्यांना दाखवणार? पुढे दिवाणखाना आणि मागे उकिरडा?

मला असलं मागचं दार कधी सोसलं नाही. हे पस्तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत होते. लोकांच्या मागल्या दाराने आत जायचं, मोरीपाशी उकिडवं बसायचं, झाकण उचलून झुरळं झटकायची, आकडा लिहायचा. मुलीचं लग्न ठरवताना मी व्याह्यांना सांगितलं होतं, "पाणीखात्याच्या कचेरीत असतात." हे शेजारीच बसले होते.

फावड्याच्या चित्रावर टिचकी मारून मग घरावर मारली की घर जातं, हे मी मागे उभी राहून शिकले होते. शाळा चौथीत सुटली, डोळे नाही सुटले. एक खोपट काढलं. जरा धूळ उडाली, जागा लख्ख. मग हात थांबेना. दाढी होईपर्यंत सगळा बोळ साफ. त्यावर सरळ रस्ता टाकला, दोन्ही कडांना झाडं लावली. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

व्याही आले, चष्मा पुसून ह्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले. हे दाखवू लागले. कालवा कुठल्या डोंगरातून येतो, उतार किती, कुठल्या हौदात पाणी आधी पडतं. ह्यांचा असा आवाज मी लग्नानंतर ऐकलाच नव्हता.

"व्याहीबुवा, हे मला वर्गात दाखवायला मिळालं असतं तर पोरं झोपली नसती," व्याही म्हणाले. "पण मी आलोय तो भट्टीमागचा बोळ बघायला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही पाहिला असेलच. शहराचा तेवढा कोपरा नदीने नेलाय, पुस्तकात जागा कोरी आहे. हे मला फोनवर म्हणाले, 'तिथे मी माझे बोळ बसवलेत, मीटर वाचत हिंडलो ते.' मी म्हटलं, हे कुठल्या प्राध्यापकाला जमायचं नाही. गावाचं मागचं दार पाहिलेला माणूसच लागतो."

म्हणजे व्याह्यांना ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. ती कचेरी, ते टेबल, तो डोक्यावरचा पंखा, सगळं मी एकटीच सांभाळत बसले होते.

पडद्यावरचा बाण भट्टीमागे गेला आणि थांबला. सरळ रस्ता. दोन्हीकडे झाडं. ह्यांनी बाण पुढे नेला, मागे आणला, किल्ली हरवलेला माणूस तोच खिसा पुन्हा चाचपतो तसा. मग मान वळवली माझ्याकडे. अर्धीच.

"तो भाग राहिलाय अजून," हे म्हणाले. "फोनवर जरा वाढवून बोललो."

"वाढवून? तुम्ही?" व्याही हसले, पण चेहरा उतरला होता त्यांचा. "असू दे. होईल सावकाश."

पस्तीस वर्षांत ह्या माणसाने एक आकडा खोटा लिहिला नाही. बंद घरापुढे 'बंद' असंच लिहिलं, अंदाजाने कधी भरला नाही. मी चहा ओतला तो बशीत सांडला. व्याह्यांनी न बघितल्यासारखं केलं.

ते गेल्यावर मी विचारलं, "जुनं परत येतं ना?"

"नाही. शेवटचं असेल तेवढंच हा खेळ जपून ठेवतो."

"मग बोला की मला काहीतरी."

"काय बोलू? रस्ता चांगला सरळ टाकलायस. उतार मात्र उलटा झालाय, पाणी तुंबेल."

शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. ती सोय ह्यांनी ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माझी झाडं एकेक करून काढली. मी न बोलावता दुसरी खुर्ची ओढून बसले.

"कातडीवाला इथे होता," हे म्हणाले. "पुढे वळण. वळणावर कुणाचं दार ठेवलं होतं मी? शेवटचं तूच बघितलंस."

माझ्या घरात कुठली वस्तू कुठे, मी डोळे मिटून सांगते. 'माहीत नाही' हे शब्द ह्या घरात मी कधी उच्चारले नव्हते. ऐकले होते ते फक्त दुसऱ्यांच्या तोंडून.

"मी नाही बघितलं," मी म्हणाले. "नुसतंच काढलं."

ह्यांनी मान हलवली. बाण वळणावर नेला. मग एक दार ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं, जरा डावीकडे.