पुढे काय गं, व्हर्ना?

आमच्या गावात मला कुणी साधी हाक मारत नाही. किराणा आणायला गेले की काउंटरवरची बाई डोळा मिचकावून म्हणते, "पुढे काय गं, व्हर्ना?" आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, "घरपोच, लॉवेल! घरपोच!" मग सगळे पोट धरून हसतात. एकदा तर चर्चच्या दारात पाद्रीसुद्धा म्हणाला. मेल्यांनो, जीभ झडेल तुमची!

हे सगळं त्या जाहिरातीमुळे. माझा नवरा लॉवेल आणि दीर मर्ल या दोघांचं फर्निचरचं दुकान. इथल्या टीव्हीवाल्यांची रीत अशी, की सहाच्या बातम्यांमधली वेळ विकत घेतली, की जाहिरात ते फुकटात काढून देतात. फुकटात म्हणजे कशी, तर कॅमेरावाला घास गिळत येणार, दुकानदाराला उभं करणार, एकदाच काय ते वदवून घेणार आणि चालता होणार. मर्लनं लॉवेलला कोंबडीचा पोशाख चढवला. कोंबडीच का, ते मला विचारू नका. तेव्हा ओहायोतला प्रत्येक दुकानदार अंगावर काहीतरी चढवून टीव्हीवर बोंबलत होता.

उभा जन्म सोफे विकलेला माणूस, ते बोलणं त्याला झोपेतही पाठ. पण अर्ध्यावर तो थांबला. पिसांचे हात तसेच वर. मी कॅमेऱ्याशेजारी उभी होते, माझ्याकडे बघून म्हणाला, "पुढे काय गं, व्हर्ना?" मी घाबरून ओरडले, "घरपोच, लॉवेल! घरपोच!"

"परत काढा," मी म्हटलं.

"असू दे गं," मर्ल म्हणाला. "मजा येतेय."

तीच दाखवली. काय हा भिकारपणा, म्हणून लोकांनी टीव्हीवाल्यांना फोन केले, आणि शनिवारी तेच लोक दुकानात. बाहेर गाडी लावायला जागा नाही! मर्ल छाती फुगवून सांगत सुटला, "वाईट जाहिरात माणसाच्या डोक्यातून जाता जात नाही."

लॉवेलच्या डोक्यातून मात्र बाकी सगळं गेलं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग मी. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं तेव्हा मला ती कोंबडी आठवली. तो गडबडला नव्हता हो, ती सुरुवात होती. माझ्या नवऱ्याच्या आजाराला गाव हसत होतं आणि जाताना आरामखुर्ची घेऊन जात होतं.

"बंद कर ती जाहिरात," मी मर्लला म्हटलं.

"व्हर्ना, मध्ये ती व्हायोलिनवाली चांगली जाहिरात लावलीच होती की. कुत्रं फिरकलं नाही दुकानात!"

"तुझा सख्खा भाऊ आहे तो, मर्ल. लाज नाही वाटत?"

"तो टीव्हीवर आहे म्हणून लोक त्याची आठवण तरी काढतात."

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, बंद केली नाहीस तर दुकानातला आमचा अर्धा हिस्सा पलीकडच्या गाद्यावाल्याला विकीन. तेव्हा कुठे स्वारी वठणीवर आली. सोमवारपासून बंद, म्हणाला.

रविवारी मी लॉवेलला ठेवलंय त्या वृद्धाश्रमात गेले. मला वाटलं, जिंकले. त्याला चमच्यानं पुडिंग भरवत होते. तो मला "बाई" म्हणतो. "बाई, बास आता," असं. समोर टीव्हीवर सहाच्या बातम्या लागल्या आणि आलीच ती. मी रिमोटकडे हात नेला, तर त्यानं माझं मनगट धरलं. किती महिन्यांनी त्यानं मला आपणहून धरलं होतं!

पडद्यावरची कोंबडी थांबली. खोलीतले दोघं-तिघं म्हातारे हसले. लॉवेल हसला नाही.

"विसरला बिचारा," तो म्हणाला.

मग माझा आवाज आला. घरपोच, लॉवेल! त्यानं केवढा तरी श्वास सोडला.

"बघा, तिनं सांगितलं त्याला," तो म्हणाला. मग माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "बाई, त्या व्हर्नाला ओळखता का तुम्ही? तिला इकडे बोलावता येईल?"

मी पुडिंगची वाटी खाली ठेवली आणि व्हरांड्यातल्या फोनवरून मर्लला फोन लावला.

"उद्या बंद करू नकोस ती."

पलीकडे तो खूश झाला. "बघ! म्हटलं नव्हतं तुला? चालते ती जाहिरात."

"चालते रे," मी म्हटलं, आणि फोन आपटला.