मोटरचं चाक आणि मालनबाईचा पाय

पडवीतल्या नव्या चाकावरून मातीचा गोळा सुटला, दारातून बाहेर आला आणि अंगणात उभ्या असलेल्या मालनबाईच्या कपाळावर फटकन बसला. दुसरा गोळा छपराच्या कवेलूंना जाऊन चिकटला. तिसऱ्याचे तुकडे चाकाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, डोमाजीच्या, मिशीत आणि कानात शिरले.

"बंद करा! अवो, बंद करा ना!" मालनबाई ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिला असं हसू फुटलं की ती तिथंच खाली बसली.

डोमाजी तेलुगू मुलखातल्या तामसी गावचा कुंभार. चाळीस वर्षं काठीनं चाक फिरवून त्याचे खांदे कामातून गेले होते, म्हणून सरकारी योजनेतून हे विजेचं चाक आदिलाबादहून ट्रकमध्ये आलं होतं. खाली मोटर, बाजूला लोखंडी डबी आणि पायानं दाबायचा एक पाटा. पाटा हळू दाबला की चाक हळू, जोरात दाबला की जोरात, असं आणून देणाऱ्यानं सांगितलं होतं. पण करंट सोडला की चाक वावटळीसारखं सुटे. पाटा दाबा, सोडा, नाहीतर त्याच्यावर नाचा, चाकाला त्याचं काही नव्हतं.

"याच्या अंगात आलं," डोमाजी मिशी पुसत म्हणाला. "मी नाही बसत आता."

मालनबाई तशीच, कपाळावरच्या मातीसकट, सुधाकरराव गुरुजींना बोलवायला गेली. गुरुजी मराठी शाळेत शिकवत आणि रविवारी गावाचे रेडिओ दुरुस्त करत. तिला पाहून त्यांनी आधी विचारलं, "पडल्या का जी कुठी?" ती हसत सुटली, ती घर येईपर्यंत.

गुरुजींनी पहिल्यांदा वायर काढली, मग डबी उघडली. जरा वेळ आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अवो डोमाजी, हे तं रेडिओच हाय! आवाज कमी-जास्त करायची कळ असते ना, तशीच कळ हाय आत. तुमचा पाटा ही दांडी ओढते, दांडी कळ फिरवते. पण दांडीचा इस्क्रू ट्रकमध्ये धक्के खाऊन ढिला झाला. दांडी हालून राह्यली, कळ जागची हालत नाही. आवाज फुल!"

कळ मागं फिरवून त्यांनी इस्क्रू आवळला, वायर लावली, पाटा हातानं हळूच दाबला. चाक फिरलं. सावकाश. डोमाजीनं टाळीच वाजवली. पण पाटा सोडला तरी चाक काही पुरतं थांबेना. ते आपलं रांगतच राहिलं.

"झोपेत चालते जनू," मालनबाई म्हणाली.

त्यावरही इलाज होता. आत ज्वारीच्या दाण्याएवढे दोन इस्क्रू होते, एक सगळ्यात कमी वेगाचा, एक सगळ्यात जास्तीचा. गुरुजींनी पहिला जरासा फिरवला. आता अर्धा पाटा दाबेपर्यंत चाक हलेच ना. मग केसभर उलटा फिरवला. पाय लागला की चाक चालू, पाय उचलला की बंद.

"आता माती ठेवून पाहा. वजन असल्याशिवाय खरं समजत नाही."

डोमाजी बसला. पण त्याच्या अंगाला सवय होती ती काठीनं सगळा जोर लावायची. त्यानं पाटा दाणकन दाबला आणि गोळा उडून गुरुजींच्या चष्म्यावर गेला.

दोन्ही काचा लिंपल्या गेलेले गुरुजी शांतपणे म्हणाले, "जास्तीचा इस्क्रूही कमी करा लागते." मालनबाईला खांब धरावा लागला.

तो इस्क्रू कमी केल्यावरही डोमाजीचा पाय काही मऊ पडेना. चाक झटका देई, थांबे, पुन्हा झटका देई.

"मी पाहू का?" मालनबाईच्या तोंडून निघून गेलं.

ती गावच्या बायांचे ब्लाउज पायमशीनवर शिवायची, तिचा पाय हलका होता. तिनं जन्मभर माती तुडवली, मडकी थापली, भट्टी लावली. चाकाला मात्र बाईनं हात लावायचा नसतो, हे तिला कोणी सांगावंही लागलं नव्हतं.

डोमाजीनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी पुसलेला चष्मा लावून चाकाच्या रिकाम्या खोक्यावरची तेलुगू अक्षरं वाचली. "यंत्रम. याच्यावर चाक नाही लिहेल, डोमाजी. मशीन लिहेल हाय."

डोमाजीनं कान खाजवला. कानातून माती निघाली. "मशीन असन तं बसू द्या," तो म्हणाला.

मालनबाई बसली. तिनं पाय ठेवला आणि चाक मांजरासारखं घुरघुरत निघालं. गोळा डगमगला, तिच्या तळव्यांना धडका देऊ लागला.

"कोपर मांडीले टेकव!" डोमाजी ओरडला. "दाब! एवढं नाही! पाणी घे! अवं, हसू नको, हसलं की हात हालते!"

"तुमी नाचू नका मंग!"

तो खरंच नाचत होता. गोळा एकाएकी स्थिर झाला, इतका की फिरतोय की नाही कळेना. मालनबाईनं अंगठा आत घातला. भोक पडलं, रुंदावलं, बोटांच्या मधून ओली भिंत वर चढू लागली.

"गुरुजी, अजून जरासं हळू पाह्यजे."

गुरुजींनी वायर काढून इस्क्रू केसभर फिरवला. "आता?"

"आता बेस!"

झालं काय, ते कोणालाच सांगता येईना. वाडग्याहून उंच, लोट्याहून बुटकं, एका बाजूला कललेलं. डोमाजीनं दोऱ्यानं ते चाकावरून कापून अलगद फळीवर ठेवलं, चारी बाजूंनी पाहिलं.

"हे का होय?"

"मले का मालूम!" मालनबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसून हसून. "माती द्या अजून."

तयार माती संपली होती. डोमाजीनं धोतर खोचलं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो माती तुडवायला अंगणात उतरला.