एकतीस मुलांचा पालक

नानांच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी शाळेतले हजेरीपट कपाटात गेले आणि मुलं कॉम्प्युटरमध्ये. नाना शाळेचे कारकून. शिपाई म्हणून लागले तेव्हा त्यांना स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. तिशीत अक्षर गिरवलं, आणि उशिरा शिकलेल्या माणसाची असते तशी लिहिलेल्या गोष्टीवर त्यांची जरा जास्तच भक्ती जडली. कागदावर आलं की ते खरं. पडद्यावर आलं की दुप्पट खरं.

नव्या सिस्टीममध्ये प्रत्येक मुलाचं एक पान होतं: नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकांचा फोन. फोनच्या रकान्यापुढे लाल चांदणी. तो रिकामा ठेवला की पान पुढे सरकतच नसे. नानांनी दोन बोटांनी टाइप करत साडेतीनशे मुलं आत घातली आणि एकतीस मुलांपाशी गाडं अडलं. कुणाचा नंबर बदलला होता, कुणाला पाठ नव्हता. विचारायला एकतीस घरं पालथी घालावी लागली असती. नानांचे गुडघे चालत नव्हते, पण डोकं नको तितकं चालत होतं. त्यांनी एकतीस ठिकाणी स्वतःचा नंबर टाकला. पडदा हिरवा झाला. माहिती शंभर टक्के पूर्ण.

आसपासच्या शाळांत पहिली हिरवी शाळा हीच. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, इतर शाळांचे कारकून शिकायला बोलावले. सिस्टीम नीट कशी वापरावी यावर नाना तासभर बोलले, मध्ये दोनदा पाणी प्यायले. गैरहजेरीच्या कारणाचा रकाना रिकामा सोडला तरी चालतो, वेळ वाचतो, हेही सांगून टाकलं. एकाने विचारलं, ज्यांचा फोन मिळत नाही त्यांचं काय करता? नाना म्हणाले, चिकाटी लागते.

मग सिस्टीमने आपलं काम सुरू केलं. रोज नानांच्या फोनवर मेसेज येऊ लागले: आपला पाल्य आज गैरहजर आहे. कधी तीन, कधी सात. एका संध्याकाळी बायकोने फोन हातात घेतला आणि चष्मा लावून वाचत बसली.

"मला आपली दोनच माहीत होती," ती म्हणाली. "ही एवढी कुठं वाढवलीत?"

नानांनी मेसेजचा आवाज बंद केला आणि शाळेत असताना फोन टेबलाच्या खणात ठेवू लागले.

वार्षिक परीक्षेला महिना उरला असताना मोठ्या बाई त्यांच्या टेबलापाशी आल्या. पाचवीतली एक मुलगी चौदा दिवस शाळेत नव्हती. पंधराव्या दिवशीही पालकांनी काही कळवलं नाही तर सिस्टीम तिचं नाव कमी करणार होती. मग परीक्षा नाही, म्हणजे पोरीचं वर्ष गेलं.

"चौदा मेसेज गेलेत हो, नाना. पालकांना काळीज आहे की धोंडा?"

नानांनीही मान हलवली. हल्लीच्या पालकांना कशाचं काही नाही, असंही म्हणाले. बाईंनी पडद्यावरचा नंबर बघून कचेरीच्या फोनवरून लावला. नानांचा खण वाजू लागला.

जावयाचा असेल, असं वाटून नानांनी उचलला. त्यांचा 'हॅलो' बाईंना दोन्ही कानांनी ऐकू आला. बाई त्यांच्याकडे वळल्या. मग रिसीव्हर खाली न ठेवताच म्हणाल्या, "मुलीचे पालक बोलताय का?"

"बोलतोय," नाना म्हणाले. "धोंडाच बोलतोय."

त्याच पावली ते निघाले. मुलीला आजोबांशिवाय कुणी नव्हतं. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, दुकानामागच्या खोलीत राहायचे. दुकानाचं दार बंद होतं आणि वर पाटीवर वीतभर आकड्यांत फोन नंबर रंगवलेला होता. याच पाटीखालून नाना रोज शाळेत जात होते. वाचायला शिकून त्यांना पंचवीस वर्षं झाली होती.

आत म्हातारा खाटेवर धापा टाकत होता, उशाशी फोन. मुलगी चमच्यात गोळी कुस्करत होती. दप्तर भरून खुंटीला लावलेलं होतं.

"शाळेतून कुणाचा फोन येईल म्हणून वाट बघत होतो," आजोबा म्हणाले.

मुलीने विचारलं, "माझं नाव काढलं का?"

"नाही. एक गाढव आडवं आलं होतं."

शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. नानांनी गळ घातल्यावर त्या दिवसा म्हाताऱ्याजवळ मशीन घेऊन बसायला तयार झाल्या. शाळेत परतून नानांनी कारणाचा रकाना पहिल्यांदा भरला: आजोबा आजारी, घरी दुसरं कुणी नाही, पालकांशी बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात होती आणि नाव जागेवर होतं.

उरलेली तीस घरं नाना पायी फिरले. चार घरांत फोनच नव्हता. त्या चार पानांमुळे पडदा पुन्हा लाल झाला. मोठ्या बाई म्हणाल्या, असू दे लाल, निदान खरा आहे. मुलीच्या पानावर आजोबांचा नंबर आला. ती म्हणाली, "खाली तुमचापण राहू द्या." तेवढा एक राहिला. शिवणवाल्या बाईंनीही तो भिंतीवर लिहून ठेवला.

पुढच्या वर्षी त्या बाईंचा फोन आला तेव्हा तो नानांच्या खिशात होता. पहिल्याच रिंगला उचलून ते मुलीला आणायला स्वतः वर्गात गेले. घड्याळवाले आजोबा सहामाही परीक्षा संपल्यानंतरच्या शुक्रवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, नात उशाशी असताना वारले.