शेवटची एकोणीस पानं

शाळेतल्या करिअर-मार्गदर्शनाच्या बाईंनी वेंडेल कांगासला विचारलं होतं, "तुला काय आवडतं?" वेंडेल म्हणाला, "वाचायला." बाईंनी कागदावर लिहून दिलं: वकील, शिक्षक, ग्रंथपाल. वेंडेल आठवडाभर या तिघांच्या मागावर राहिला. वकील फोनवर बोलत होता, शिक्षक वह्या तपासत होता आणि ग्रंथपाल एका आजोबांना प्रिंटरमध्ये कागद घालायला शिकवत होता. आठवड्यात तिघांपैकी कुणीही स्वतःसाठी एक पान उलटलं नाही. वेंडेलने तो कागद बाईंना परत केला.

मग खरे वाचणारे लोक पोट कशावर भरतात, याचा त्याने शोध घेतला. उत्तर साधं निघालं. वाट बघण्यावर.

सुपीरियर सरोवराच्या काठावर, ग्रेलिंग हार्बरमध्ये, वाट बघायचा पगार देणाऱ्या तीन नोकऱ्या होत्या. उचलपुलाच्या केबिनमध्ये बसायचं, जहाज आलं की पूल वर करायचा, गेलं की खाली. पाळीला एकशे चाळीस पानं. खडीच्या खाणीतला वजनकाटा सांभाळायचा, ट्रक आला की चिठ्ठी फाडून द्यायची. नव्वद पानं, पावसात दीडशे. आणि मासेमारीच्या संग्रहालयात पहारा द्यायचा, जिथे कुणीच येत नसे, दोनशे दहा. ही तिसरी गुड्रन नावाच्या मुलीने पटकावली होती आणि चुकून एखादा पर्यटक आलाच तर ती त्याच्याकडे अशी बघायची, की तो जाळी-बिळी न बघताच निघून जायचा.

वेंडेलला पूल मिळाला. वजनकाट्यावर मार्लिस होती.

त्यांची ओळख पुलावरच झाली. पूल खाली आला, फाटक उघडलं, तरी पहिली गाडी हलेना. मागे चौदा गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. वेंडेल केबिनमधून उतरून आला आणि त्याने काचेवर टकटक केली. आतल्या मुलीने पुस्तकातून मान वर न करता एक बोट उभं केलं.

"थांब जरा. तीन पानं राहिलीत."

वेंडेल परत वर गेला आणि त्याने फाटक पुन्हा लावून घेतलं. जहाज नव्हतं, होडीसुद्धा नव्हती. तीन पानं झाल्यावर तिने दिवे लुकलुकवले. चार महिन्यांनी त्यांनी लग्न केलं.

लग्नानंतर पुस्तक एक आणि माणसं दोन, अशी अडचण आली. दोन प्रती घेणं त्यांना उधळपट्टी वाटे, शिवाय बेइमानी. म्हणून पुस्तकात दोन खुणा असत. त्याची खूण म्हणजे पुलाच्या नोंदवहीतली कागदाची पट्टी, तिची म्हणजे वजनाची चिठ्ठी. दिवसा ती वाचायची, संध्याकाळी डबा द्यायला पुलावर आली की पुस्तकही देऊन जायची. जो पुढे असेल त्याने प्रकरण संपलं की थांबायचं, मागच्याने गाठेपर्यंत. पान गाळायचं नाही, शेवट बघायचा नाही, आणि सांगायचा तर मुळीच नाही. एकतीस वर्षांत हे मोडलं नाही. मोडायला लावायचा खेळ मात्र रोज चालायचा.

"अरे, नुसतं एवढं सांग, म्हातारी जगते का?"

"कोण म्हातारी?"

"मेली म्हणजे!"

"मी काहीच म्हटलं नाही."

"चेहरा बघ तुझा. मेली."

त्यात मार्लिसला रहस्यकथांचं वेड. खुनी कोण, ते ती पन्नासाव्या पानाच्या आत छातीठोकपणे सांगायची, आणि एकतीस वर्षांत, सुमारे चारशे खुनांमध्ये, तिचा अंदाज एकदाही बरोबर आला नव्हता. नुसत्या नशिबावरही माणसाचे चार-दोन बरोबर यायला हवेत. वेंडेलला हे जवळजवळ एक कर्तृत्व वाटायचं. एकदा तर तिने ज्याच्यावर संशय घेतला त्याचाच खून झाला. "लपवाछपवी आहे ही," ती म्हणाली होती.

दोघांनाही बढत्या आल्या. वेंडेलला जिल्ह्यातल्या सगळ्या पुलांचा साहेब करणार होते. त्याने विचारलं, "पानं किती?" समोरच्याला प्रश्न कळला नाही, तिथेच वेंडेलला उत्तर मिळालं. त्यांचा मित्र डेलबर्ट मात्र फसला. तो चढत चढत वाचनालयाचा संचालक झाला आणि त्यानंतर त्याने एकही पुस्तक वाचलं नाही. नाताळात त्याच्यासाठी ते एक मिनिट स्तब्ध उभे राहत.

या सप्टेंबरात मार्लिसच्या स्वादुपिंडात काहीतरी सापडलं, आणि ऑक्टोबरात डॉक्टरांनी 'काहीतरी' हा शब्द वापरायचं बंद केलं.

इस्पितळातली खोली चौथ्या मजल्यावर होती. खिडकीतून पूल दिसायचा. वेंडेल पाळीवर असला की ती बघत पडायची. पूल वर गेला की म्हणायची, "बघा, आता त्याने पुस्तक खाली ठेवलं." पूल खाली आला की, "आता उचललं." नर्सला आधी वाटलं औषधाने भ्रम होतोय. तिने तशी नोंदही केली.

पुस्तक गुड्रनने सुचवलेलं होतं. चारशे बारा पानांची रहस्यकथा, इंग्लंडातल्या कुठल्याशा गावातली. "शेवट अफलातून आहे," गुड्रन म्हणाली होती आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला होता, कारण तिच्या मते एवढंही सांगणं पाप होतं. डेलबर्टने एकदा बोलता बोलता एका कादंबरीचा शेवट फोडला, तर ती सहा वर्षं त्याच्याशी बोलली नव्हती.

मार्लिसने सत्ताविसाव्या पानावर निकाल दिला. "दंतवैद्य."

"कशावरून?"

"इतकं गोड बोलणारा दंतवैद्य मी आयुष्यात बघितला नाही. लिहून ठेव."

वेंडेलने लिहून ठेवलं, तिच्याच चिठ्ठीच्या मागे.

पुढे तिला अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा वेंडेल मोठ्याने वाचू लागला. त्याने रजा टाकली. पुलावर बदली माणूस आला, आणि तो पूल वर करताना धक्का देतो, म्हणून मार्लिस खिडकीतून त्याला शिव्या घालायची. तीनशे एकाव्या पानावर डॉक्टर आत आले, वेंडेलला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "एखाद-दोन दिवस." वेंडेल आत आला. त्याच्या चेहऱ्यावरचं काही लपायचं नाहीच.

"मेली," मार्लिस म्हणाली.

वेंडेल खुर्चीत बसला आणि त्याने पुस्तक उघडलं.

"वेन, एक काम कर. शेवट वाच."

"काय?"

"सरळ शेवटचं प्रकरण काढ. कोण आहे ते बघू या."

वेंडेलने तिच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत तिने हे हजार वेळा विचारलं होतं, प्रत्येक वेळी असाच साळसूद चेहरा करून, आणि तो फसला असता तर जन्मभर तिने त्याला ऐकवलं असतं. त्याला एकदम बरं वाटलं. ही अजून खेळतेय, म्हणजे ही अजून आहे.

"एकशे अकरा पानं राहिलीत," तो म्हणाला. "आणि मी एवढा दुधखुळा नाही, मार्लिस कांगास."

मार्लिस थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली.

"बरं. वाच मग. पळू नकोस."

तो वाचत राहिला. तासाला चाळीस पानं हा त्याचा वेग. म्हणजे तीन तासांचं काम होतं. पण तिला झोप लागली की तो थांबायचा. पुढच्याने थांबायचं, हा नियम. ती दुपारभर झोपली, तो बोट पानात घालून बसला. ती जागी झाली, सहा पानं. पुन्हा झोपली. नर्स म्हणाली, "तुम्ही वाचत राहा ना, झोपेतही ऐकू येतं त्यांना." वेंडेलने समजावलं, की मग नंतर विचारलं तर तिला सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला, तीनशे त्र्याण्णवाव्या पानावर, इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. वेंडेलने आवाज खाली आणला. अशा ठिकाणी तो नेहमीच आणायचा. परिच्छेद संपला. त्याने मान वर केली, तिचा अंदाज बदललाय का ते विचारायला.

मग त्याने तिची चिठ्ठी त्या पानात ठेवली. त्याची पट्टीही तिथेच ठेवली. नंतर घंटा वाजवली.

त्या रात्री घरी त्याला ते समजलं. तासाभरात, दोन-चार वाक्यांत, एका नावात ते उरकलं असतं. तिने सरळ मागितलं होतं. आणि त्याने तिला नियम सांगितला होता.

अंत्यविधी शनिवारी, टेकडीवरच्या लुथेरन चर्चमध्ये. पास्टर एकलंड दारातच वेंडेलला म्हणाले, "तुम्हाला काही बोलायचं असेल तर पाच मिनिटं ठेवलीत."

"वाचायचं आहे."

"स्तोत्र?"

"नाही. एकोणीस पानं आहेत."

पास्टरांनी हे दुःखात सुचलेलं काहीतरी असेल असं समजून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खाली तळघरात बायकांनी हॉटडिशचे, म्हणजे चीज घालून भाजलेल्या जेवणाचे, ट्रे गरम करत ठेवले होते. वरपर्यंत चीजचा वास येत होता.

वेंडेलने शेवट अजून बघितला नव्हता. तिच्याशिवाय तो पुढे जाऊच शकत नव्हता. आज मार्लिस हजर होती, समोर, शवपेटीत झाकण लावून, त्यामुळे नियमात बसत होतं. तो उभा राहिला, चष्मा लावला आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाला, "तीनशे चौऱ्याण्णव."

लोकांनी आधी स्तोत्रांची पुस्तकं चाळली. मग त्यांच्या लक्षात आलं, की दिवाणखान्यात सात माणसं आहेत आणि त्यांतल्या एकाने खून केलाय. पाचव्या मिनिटाला पास्टरांनी घसा खाकरला. दहाव्या मिनिटाला कुणीतरी जागेवरून पुढे सरकून बसलं. डेलबर्ट दाराजवळ उभा होता; कितीतरी वर्षांत त्याच्या कानावर पुस्तक पडलं नव्हतं, तो तिथल्या तिथे खाली बसला. खून कुणाचा झालाय, हे मागच्या बाकावर एका काकांनी विचारलं आणि चौघांनी त्यांना गप्प केलं.

चारशे एकावं पान. इन्स्पेक्टर वळला आणि त्याने बोट दाखवलं.

वेंडेलने पुढची ओळ मनात वाचली. दंतवैद्य नव्हता. चर्चच्या गायकवृंदाचा संचालक होता.

तो थांबला. ऑर्गनपाशी ग्रेलिंग हार्बरच्या गायकवृंदाचे संचालक हॅल्वरसन बसले होते, डोळे मिटून, मन लावून ऐकत. पहिल्या बाकावर गुड्रन बसली होती. तिला शेवट ठाऊक होता. वाक्यात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी तिला झोप लागत नसे. वेंडेलने आयुष्यात एक शब्द गाळला नव्हता, बदलला नव्हता, शेजारच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवतानासुद्धा नाही. त्याने पेटीकडे बघितलं.

"'खुनी', इन्स्पेक्टर म्हणाला," वेंडेलने वाचलं, "'तुम्ही आहात, डॉक्टर.'"

गुड्रनची मान झटकन वर झाली.

इथून पुढे फार अवघड गेलं, कारण लेखकाने पुरावे सगळे संचालकाविरुद्धचे ठेवले होते. खिशातली ताल द्यायची छडी सापडली. वेंडेलने तिचं दात कोरायचं यंत्र केलं. गुरुवारची तालीम होती, ती दाढ काढायची वेळ झाली. विष घशाला लावायच्या मधात मिसळलं होतं. चूळ भरायच्या पाण्यात गेलं. पुढे एक अख्खं पान असं होतं, की खुनी वरच्या पट्टीत गाऊ लागतो आणि आवाज फुटतो. वेंडेल घामाघूम झाला. "डॉक्टरांनी," तो सावकाश वाचू लागला, "आ केला... आणि आतून... सूर निघाला."

कुणी हसलं नाही. हॅल्वरसन यांनी डोळे पुसले.

गुड्रनने तोंड उघडलं. वेंडेलने पुस्तकावरून तिच्याकडे बघितलं. तिने तोंड मिटलं, आणि पुढची अकरा पानं दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून बसून राहिली, जशी माणसं दाढ काढून घेताना बसतात.

"समाप्त," वेंडेल म्हणाला. पुस्तक मिटून त्याने ते पेटीवर ठेवलं, मग वाचनालयाचं आहे हे आठवून पुन्हा उचललं. तिची चिठ्ठी तेवढी काढून झाकणाखाली सरकवली. मागे लिहिलेलं होतं: दंतवैद्य, पान २७.

तळघरात हॉटडिश करपलं होतं. लोक ताटल्या घेऊन वेंडेलपाशी येत होते आणि काय बोलावं न कळून म्हणत होते, "दंतवैद्य! कोण म्हणेल हो!" गुड्रन सगळ्यांत शेवटी आली. तिच्या हातात कॉफीचा कप होता.

"मार्लिसचा अंदाज काय होता?" तिने विचारलं. तिचा आवाज मोठा होता, आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"दंतवैद्य."

"मग बरोबर होतं तिचं," गुड्रन म्हणाली. "मी वाचलंय ना. दंतवैद्यच आहे तो."

आणि ती तिथेच, लिंबाच्या वड्या मांडलेल्या टेबलाला टेकून, रडायला लागली. वेंडेलने तिचा कप धरला.

सोमवारी तो पुलावर गेला. डेलबर्टने स्वतः निवडून एक नवं पुस्तक पाठवलं होतं, सोबत चिठ्ठी होती: 'मीही सुरू केलंय, कुठवर आलास कळव.' धुकं होतं. लांबवर कोळशाचं एक जहाज भोंगा देत होतं, त्याला अजून अर्धा तास होता. वेंडेलने पट्टी काढली, पुस्तक उघडलं, आणि पहिलं प्रकरण बावीस पानांत संपलं.

तो थांबला.

जहाज आलं, पूल वर गेला, जहाज गेलं, पूल खाली आला. फाटकापाशी गाड्या सुटल्या. पुस्तक मांडीवर तसंच उघडं होतं, तेविसाव्या पानावर, आणि वेंडेल खिडकीतून रस्त्याकडे बघत होता.