प्रभावतीबाईंची चौकशी

सुरतेतल्या डिंडोलीच्या प्रभावतीबाईंना एक खोड होती. कुठलीही वस्तू हाती आली, की ती बनते कशी हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. घरी बसून त्या साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करत. साड्यांचे गठ्ठे आणणाऱ्या टेम्पोवाल्याला त्या रंग कुठे चढतो, जरीची तार कुठून येते असं इतकं विचारत, की तो गठ्ठा उंबऱ्यावर टाकून पळ काढायचा. नवरा रेल्वेत होता, भुसावळहून बदली होऊन सुरतेला आला आणि इथेच वारला. मुलगा धम्मपाल आयटीआय करून बॉयलरच्या कामाला लागला होता.

शहाण्णव साली धम्मपालची डाइंग मिल बंद पडली. काही महिने बसून काढल्यावर त्याला दमणला नोकरी मिळाली. कामही बॉयलरचंच. वापीला खोली घेऊन तो राहू लागला, पण कारखाना कशाचा हे घरी बोलला नव्हता. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा जेवताना ताटाकडे बघत त्यानं सांगितलं, की तिथे बिअर बनते.

दमण गुजरातेबाहेरचं, तिथे दारूला मोकळीक होती. गुजरातेत दारूबंदी होती, तरी त्यांच्या गल्लीत दिवेलागणीला प्लास्टिकच्या पिशवीतली दारू यायची. तिला सगळे पोटली म्हणत. त्यांच्या घरात मात्र पंचशीलातलं पाचवं शील सासऱ्यांपासून पाळलं जात होतं. दारूचा थेंब कधी उंबरा ओलांडून आत आला नव्हता.

गोष्ट विहारात पोचायला वेळ लागला नाही. तिथे वंदना घेणारे नागनाथकाका रेल्वेतून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के. ते स्वतः घरी आले. भगवंतांनी जे व्यापार करू नयेत म्हणून सांगितले त्यात मद्याचाही आहे, मुलाला आजच्या आज ती नोकरी सोडायला लावा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. धम्मपाल अजून सुट्टीवर घरीच होता; तो म्हणाला, मी विकत नाही, मी पाणी उकळतो, वाफ इथली काय नि तिथली काय. दोघांचंही ऐकून झाल्यावर प्रभावतीबाई म्हणाल्या, "काका, मले आधी पाहू द्या. न पाहता मी कशाले बरं म्हणू नि कशाले वाईट?"

मार्चमध्ये सुरक्षा दिनाला कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवायची तिथे रीत होती. ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून त्या सकाळच्या गाडीनं वापीला उतरल्या, आणि तिथून धम्मपालबरोबर शेअर रिक्षानं दमणला गेल्या.

फाटकातून आत शिरताच त्या थबकल्या. दारूचा भपकारा येईल म्हणून त्यांनी पदर नाकाशी धरला होता. पण आला तो उकडलेल्या धान्याचा गोडसर, ओळखीचा वास. कुरडयांसाठी गहू शिजत घातल्यावर घरभर पसरतो तसा. त्यांनी पदर सोडला.

कारखाना दाखवायला श्रीरंग सोहनी नावाचे साहेब होते. बिअर बनवण्याचं सगळं खातं त्यांच्याकडे. इतर कामगारांच्या घरची माणसं खाऊचे पुडे घेऊन सावलीला बसली, पण प्रभावतीबाई साहेबांच्या मागे मागे निघाल्या. साहेबांनी त्यांच्या तळहातावर धान्य ठेवलं. ही बार्ली, म्हणजे आपला जव. राजस्थान-हरियाणाकडून येते. तिला भिजवून मोड आणायचे, मग वाळवायची. बाईंनी दाणा दाताखाली फोडला. गोड लागला.

"मोड आले म्हणून गोड?" त्यांनी विचारलं.

"बरोबर. तीच साखर आम्हाला हवी असते."

मग भरडायचं, गरम पाण्यात कालवायचं, गाळायचं, कडू फुलं घालून उकळायचं. धम्मपालची वाफ इथे येत होती. गाळून उरलेला चोथा म्हशीवाले नेतात असं कळल्यावर बाईंना काळजी पडली, की म्हशींना चढत नाही का? साहेब हसले. त्यांनी सांगितलं, की नशा अजून आलेलीच नाही. नशा पुढे येते, थंड टाकीत, यीस्ट घातल्यावर. यीस्ट साखर खातं आणि दारू सोडतं. टाकीतून निघालेली नळी पाण्याच्या बादलीत सोडली होती आणि पाणी सारखं बुडबुडत होतं. प्रभावतीबाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. इडलीचं पीठ रात्रीतून फुगतं ते त्यांनी पाहिलं होतं, पण तेही असल्याच न दिसणाऱ्या जिवांमुळे फुगतं हे त्यांना आज कळलं.

बाटल्या भरायच्या विभागात बायकांची रांग होती. रिकाम्या बाटल्या उजेडासमोरून सरकत आणि बायका फुटकी, मळकी बाटली अचूक बाजूला काढत. साहेब उत्साहानं सांगू लागले. जव पिकवणारा शेतकरी, काच ओतणारा, खोकी बनवणारा, भंगारातून बाटल्या गोळा करणारा, ट्रकवाला, एवढी माणसं एका बाटलीवर जगतात. आणि किमतीतला मोठा वाटा कर म्हणून सरकारकडे जातो. त्यातून रस्ते होतात, शाळा होतात.

"म्हणजे देश पुढं जातो," बाई म्हणाल्या.

"थोडा हातभार लागतो."

"आमच्या गुजरातमधी तर बंद हाये. तो कसा पुढं जातो मग?"

साहेब बोटं मोजू लागले. म्हणाले, कापड आहे, हिरे आहेत, साखर आहे.

"नि पिणाऱ्याच्या घरात जे मोडतं, ते या हिशेबात कुठं धरता?"

हे त्यांनी भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. बादलीतल्या बुडबुड्यांबद्दल जसं विचारलं तसंच विचारलं होतं. म्हणूनच बहुधा साहेबांनी ते टाळलं नाही. "धरत नाही," ते म्हणाले. "धरायला पाहिजे. मी स्वतः रविवारी जेवताना एक ग्लास घेतो आणि थांबतो. ज्याला थांबता येत नाही त्यानं सुरूच करू नये, एवढंच मी माझ्या माणसांना सांगतो. कामावर पिऊन आलेल्याला आम्ही फाटकातूनच परत पाठवतो. पण बाटली फाटकाबाहेर गेली, की ती कुणाच्या हातात पडते ते मला दिसत नाही."

बाईंना तो माणूस आवडला. उत्तर मात्र अर्धंच वाटलं.

उरलेलं अर्धं त्यांना वापी स्टेशनवर भेटलं. बाकड्यावर सुरतेतल्या गोडादऱ्याचा सुकलाल आडवा पडला होता. लूमवर काम करणारा हा माणूस लग्नकार्यातून त्यांच्या ओळखीचा. दमणहून पिऊन आला होता आणि एक चप्पल कुठेतरी टाकून बसला होता. धम्मपालनं त्याला खांद्याला धरून गाडीत चढवलं. खिडकीचा वारा लागून तो जरा भानावर आल्यावर प्रभावतीबाईंनी विचारलं, की एवढं लांब कशाला येतो?

तो लाजला. मग म्हणाला, "इथं बसून पिता येतं, वहिनी. तिकडं पोटली उभ्यानंच घशात ओतावी लागते, पोलीस येईल म्हणून. चव काय ते कळत नाही."

"मग आज चव कळली?"

सुकलालनं विचार केला. पहिल्या ग्लासाची कळली, म्हणाला. पुढची नाही.

"मग पुढचे कशाले घेतले?"

तो सुरतेअलीकडचं उधना स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर नागनाथकाकांनी बाईंना बोलायला सांगितलं. निषेध ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. प्रभावतीबाईंनी मोड, वास, टाकी, बाटल्या तपासणाऱ्या बायका, साहेबांचं अर्धं उत्तर आणि नाव न घेता सुकलालचं न आलेलं उत्तर, सगळं पाहिलं तसं सांगितलं. कारखान्यात राक्षस नाहीत, कामं करणारी माणसं आहेत, असं म्हणाल्या. पाचवं शील मी पाळते, पण आता का पाळते ते मला कळलं, असंही म्हणाल्या. शेवटी काकांनी एवढंच विचारलं, की मुलाचं काय ठरलं?

ते मुलावरच सोडलं होतं. धम्मपालनं आणखी वर्षभर तिथे काम केलं. सुकलाल मात्र शनिवारचा दमणला जायचा थांबला नाही. पण वाटेत धम्मपालच्या खोलीवर जेवून जाऊ लागला, आणि परतताना दोन्ही चपला पायात असायच्या. हे धम्मपालनं आईला कळवलं, तेव्हा बाईंनी सुकलालच्या बायकोला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, घरी येतो तेव्हा शुद्धीत असतो. याहून जास्त तिलाही सांगता येईना.

वर्षानंतर चलथाणच्या बाजूला साखर कारखान्यात बॉयलरची जागा निघाली आणि धम्मपालला ती मिळाली. घर जवळ पडत होतं, म्हणून तो आला. विहारात सगळ्यांना बरं वाटलं. नागनाथकाकांनी पेढे वाटले.

गळीत हंगाम सुरू झाल्यावर प्रभावतीबाई तोही कारखाना बघायला गेल्या. ऊस, रस, पाक, साखर, सगळं समजून घेत फाटकापाशी आल्या, तर तिथे काळ्या पाकानं माखलेला टँकर उभा होता.

"हे काय नेतात?"

"मळी," धम्मपाल म्हणाला. "साखर काढून उरते ती."

"नि नेतात कुठं?"

धम्मपालनं इकडेतिकडे पाहिलं. मग सांगून टाकलं, की डिस्टिलरीत. मळी आंबवून तिचं स्पिरिट काढतात.

प्रभावतीबाई कंबरेवर हात ठेवून टँकरकडे बघत राहिल्या आणि मग हसल्याच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. धम्मपाल घाईनं सांगू लागला, की सगळ्याची दारूच होते असं नाही, औषधांत जातं, शाईत जातं, रंगात जातं.

"कशात किती जातं?"

"ते मला माहीत नाही, आई."

टँकरचा ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. प्रभावतीबाई पदर सावरून त्याच्याकडे निघाल्या.