डोळ्याखालचा भोवरा

मी एक जुना सुरंग घोडा आहे. सुरंग म्हणजे कानापासून खुरापर्यंत तांबूस. माझी हकीगत तुम्ही खरी मानणार नाही, मित्रांनो, पण सांगतो. माझ्या धन्याने अमरावतीत शिंकायला तोंड उघडलं आणि शिंक आली ती अकोल्याच्या वेशीत, अशी माझी दौड होती! आज मी चांदूर बाजारच्या कुंभाराकडे मातीच्या गोण्या वाहतो.

ती वर्षं कापसाची होती. समुद्रापलीकडे कुठे लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. लोक गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवत. माझे धनी खुशालराव कापूस विकून थेट अमरावतीच्या घोडेबाजारात आले. कामाला नव्हे, नुसत्या हौसेच्या फेरफटक्याला त्यांना घोडा हवा होता.

"अवो, शेताले बैल पायजे, अन् तुमी घोडा काहून घेता?" बरोबर आलेल्या त्यांच्या बायकोने, गोदाबाईंनी विचारलं.

"आजवर धुऱ्या-बांधानं पायी फिरलो. आता जरा वरून पायतो आपलं वावर!"

नत्थुजी सौदागराने रुमालाखाली त्यांची बोटं धरली. सौदा तसाच, न बोलता व्हायचा. तेवढ्यात गोदाबाईंनी माझ्या म्होरकीचा लाल गोंडा उचलला. त्याच्याआड, डाव्या डोळ्याखाली, माझ्या केसांचा एक भोवरा आहे.

"हा तं आसू ढाळनारा भोवरा! असा घोडा धन्याले रडवते म्हनतेत."

नत्थुजी जमिनीकडे पाहू लागला. मी श्वास असा रोखला, की बाजारातली धूळही उडायची थांबली.

"कापूस एवढा फुलला असताना कोन रडते व?" खुशालराव हसले, आणि सौदा झाला.

मग रोज संध्याकाळी वावराच्या कडेने फेरी, परतल्यावर तळहातावर गूळ, मानेवर थाप. एकदा भरल्या पूर्णेवरून मी अशी उडी मारली, की खाली पोहणारी म्हैस पोहायचं विसरली, आणि बुडायचंही विसरून वर पाहत राहिली. त्या एका थापेसाठी मी आणखीही नद्या ओलांडल्या असत्या.

पुढे पलीकडची लढाई थांबली. भाव असा कोसळला, की घरात रचलेल्या कापसाकडे कोणी फिरकेना. मला काय कळणार? मी आपला संध्याकाळ झाली की खिंकाळायचो. एके दिवशी खुशालराव तबेल्यात आले. हातात गूळ नव्हता. त्यांनी गोंडा उचलला आणि त्या भोवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"खरं बोलली होती घरची," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांचा हात माझ्या मानेवर कधी पडला नाही.

मित्रांनो, समुद्रापलीकडची लढाई मी थांबवली होती का? घोडा घ्याल तेव्हा भोवरे हवे तेवढे तपासा. पण एकदा त्याच्या मानेवर हात ठेवलात, की मग शोधू नका.

शेवटी चांदूरच्या बाजारात त्यांनी मला कुंभाराला विकलं. मात्र घरी जाताना त्यांनी गाडीतून तीनदा मागे वळून पाहिलं. डोळे भरून आले होते त्यांचे. मला न्यायला ते येणार आहेत...

"खोटं!" शेजारचा म्हातारा बैल बोलला. तोही खुशालरावांचाच, कालच विकला जाऊन इथे आला होता. "शिंक ऐकून घेतली, म्हैसबी ऐकून घेतली. पन त्या दिवशी गाडीले मीच जुतलो होतो, बुढ्या. त्यानं एकदाबी मांगं पायलं नाई."